दाद

साठीकडे झुकलेल्या मित्रांच्या गप्पा फार वेळ एका जागी थांबत नाहीत. गुडघे, साखर, मुलांच्या नोकऱ्या, जमातीच्या निवडणुका, कोणाच्या मयतीला कोण आले नाही, असे सगळे वळसे घेऊन झाले की कोणीतरी खेळाचा विषय काढतो आणि मग आणखी एकदा चहा सांगितला जातो. आमच्या सोलापूरच्या मित्रमंडळात तरी हे ठरल्यासारखेच आहे. आमच्यात एक निवृत्त मास्तर आहेत, एक वकील आहे, एसटीत कंडक्टर म्हणून हयात घालवलेला एक आहे, यंत्रमागावरचा एक जॉबर आहे आणि एक पद्मशाली मित्र आहे, ज्याच्या घरी टॉवेलचे माग आहेत. शाळेपासूनची संगत. अजूनही एकमेकांना ‘काय बे’ म्हणूनच हाक मारतो. मास्तरांना तेवढे ‘मास्तर’.

या गप्पांत एक मौज आहे. ज्या खेळी आम्ही सर्वांत जास्त रंगवून सांगतो, त्यांतल्या कित्येक आम्ही पाहिलेल्याच नाहीत. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या, त्या दिवशी बीबीसीचा संप होता असे सांगतात. त्या डावाचे चित्रणच नाही. तरीही आमचा जॉबर मित्र तो डाव असा सांगतो, की जणू हा सीमारेषेवर चेंडू अडवायला उभा होता. ५ बाद १७. मग ८ बाद १४०. मग शेवटी ८ बाद २६६. हे आकडे त्याला पाढ्यासारखे पाठ आहेत. एकदा मास्तरांनी त्याला मध्येच थांबवून विचारले, “आणि समोर कोण होता?” समोर सय्यद किरमाणी होता. नवव्या जोडीसाठी अभंग १२६ धावा झाल्या, त्यांत किरमाणीच्या नाबाद २४. “कपिलच्या १७५ ला सगळी दुनिया दाद देते,” मास्तर म्हणाले, “त्या २४ ला कोण देणार?”

त्या दिवशी खेळ राहिला बाजूला आणि ‘दाद’ या शब्दावरच गाडी अडली.

हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिकडे त्याचा मूळ अर्थ न्याय, इन्साफ. मराठीने तो घेतला आणि दोन घरी नांदवला. कचेरीत माणूस दाद मागतो. दादफिर्याद करतो, वरच्या कोर्टात दाद लागते की नाही याची वाट पाहतो. आणि मैफलीत, मुशायऱ्यात, मैदानावर माणूस दाद देतो. वकील मित्राला हे सांगावे लागले नाही. तो आयुष्यभर लोकांसाठी दाद मागत आला आहे. पण गाणाऱ्याला ‘वाहवा’ म्हणणे आणि गरिबाची हिसकावलेली जमीन परत मिळवून देणे ही दोन कामे एकाच शब्दाने का ओळखली जावीत, याचा विचार आम्ही तोवर केला नव्हता. कंडक्टर मित्राने लगेच सलीम दुराणीचे नाव घेतले. त्याच्या बाबतीत गंमत अशी होती, की प्रेक्षकच षटकाराची दाद मागत आणि तो ती बॅटीने देत असे. त्याच माणसाने १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्स आणि लॉइड यांना पाठोपाठ बाद करून भारताला वेस्ट इंडीजवरचा पहिला कसोटी विजय मिळवायला हात दिला. २०२३ च्या एप्रिलमध्ये जामनगरला तो गेला तेव्हा आमच्या कंडक्टरने त्या दिवशी कोणाशी फारसे बोलणे केले नाही.

तर प्रश्न असा: खेळाडूला दाद देणे हा आपला लोभ आहे, की ते त्याचे आपल्याकडे येणे आहे? लोभ असेल तर ज्याला द्यायचा त्याला द्यावा, नको त्याला देऊ नये. त्यात कोणी हिशेब मागू शकत नाही. पण येणे असेल, तर ते नातेवाईक, शेजारी, धर्म, देश पाहून चुकते करता येत नाही. किराणा दुकानदार आपल्या जातीचा नाही म्हणून त्याची उधारी बुडवता येते का? आम्हाला वाटते, दाद हे येणे आहे. आणि आमच्यासारख्यांच्या बाबतीत हे वाटणे नुसते पुस्तकी राहत नाही, त्याला एक दुखरी कड आहे. ती शारजापासून सुरू होते.

१८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजाला भारत-पाकिस्तान अंतिम सामना. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या, गोलंदाज चेतन शर्मा, समोर जावेद मियाँदाद. आम्ही सगळे पद्मशाली मित्राच्या घरी टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. चेंडू फुलटॉस पडला आणि मियाँदादने तो मिडविकेटवरून प्रेक्षकांत भिरकावला. घरात क्षणभर शांतता. मग त्या घरातल्याच एका थोराने, मित्राच्या काकांनी, कपाळावर हात मारून घेतला आणि तशाच त्या दुःखात म्हणाले, “पण काय मारला रे!” त्यांच्या मुलानेही मान हलवली. आम्ही, मोहल्ल्यातली चार पोरे, गप्प. आमच्याही मनात तेच होते. हरल्याचे दुःखही होते आणि त्या फटक्याची धास्तावलेली कौतुकही. काका ते बोलू शकले, आम्ही नाही. आमच्या तोंडून तेच चार शब्द निघाले असते तर त्यांचा अर्थ बदलला असता. घरी परतताना विजापूर वेशीपाशी आल्यावर जॉबर हळूच म्हणाला, “क्या मारा यार!” आणि बोलून झाल्यावर त्याने मागे वळून पाहिले.

ते मागे वळून पाहणे आम्हाला आजही आठवते. त्या काळात सामना असला, की खेळाडूंवर जितके डोळे असत तितकेच मोहल्ल्यांवर असत. अमुक वस्तीत फटाके वाजले, तमुक गल्लीत पेढे वाटले, अशा वावड्या प्रत्येक गावात उठत. कोणी कुठेच वाजवले नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. नुसते नाव आपल्यासारखे आहे म्हणून समोरच्या संघासाठी उड्या मारणारी पोरे आम्हीही पाहिली आहेत. त्यांना इम्रानच्या आत येणाऱ्या चेंडूशी देणेघेणे नव्हते, झहीर अब्बासच्या कव्हर ड्राइव्हशी नव्हते. ती दाद नव्हतीच. नाव पाहून वाजवलेली टाळी आणि नाव पाहून रोखलेली टाळी या दोन्ही सारख्याच खोट्या. पण मधल्यामध्ये अडकलेला जो माणूस भारताने जिंकावे म्हणून मनापासून नवस बोलत होता आणि तरीही त्या षटकाराने थक्क झाला होता, त्याला बोलायला जागाच उरली नव्हती. कोणता खेळाडू आवडतो हा साधा प्रश्न. पण तो आम्हाला विचारला जाई तेव्हा विचारणाऱ्याचा सूर चौकशीचा असे.

त्या षटकारात आणखी एकाची दाद बुडाली, ती चेतन शर्माची. पुढे त्याच वर्षी त्याने इंग्लंडमध्ये लॉर्ड्सला एका डावात पाच बळी घेतले, एजबॅस्टनला सामन्यात दहा घेतले. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी आपल्या नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक घेतली. रुदरफर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, तिघांच्याही यष्ट्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. पण चहाच्या टपरीवर चेतन शर्माचे नाव काढून पाहा. दहापैकी नऊ जण शारजाच म्हणतील. एका चेंडूवर माणसाची सगळी खातेवही बंद करणे हा कुठला इन्साफ?

एकदा वकिलाने याच मुद्द्यावर आम्हाला अडवले. तो म्हणाला, “तुम्ही प्रेक्षकाला न्यायाधीश करून टाकलेत. तटस्थ पंचाने राहावे. प्रेक्षकाने पक्ष घेतलाच नाही तर मैदानात मजा काय उरली? आपल्या माणसावर जास्त माया असणे हा गुन्हा आहे का?” मुद्दा वजनदार होता. सगळे सारखेच प्यारे असतील तर खेळ बघायचाच कशाला, आकडे वाचले तरी पुरे. आम्ही बराच वेळ घोटाळलो. मग पद्मशाली मित्राने चेपॉकची आठवण काढली, आणि त्यात उत्तर सापडले असे आम्हाला वाटते.

३१ जानेवारी १९९९, चेन्नई. त्या महिन्यात पाकिस्तानचा दौरा होऊ नये म्हणून दिल्लीत फिरोजशहा कोटलाची खेळपट्टी उखडली गेली होती. मुंबईत वानखेडेची १९९१ मध्येच उखडून झाली होती. अशा हवेत कसोटी सुरू झाली. जिंकायला २७१ हवे होते. सचिनने पाठदुखीने कळवळत १३६ केल्या. तो बाद झाला तेव्हा अवघ्या सतरा धावा उरल्या होत्या, आणि उरलेले तीन गडी चार धावांत गेले. साकलेन मुश्ताकने सामन्यात दहा बळी घेतले. भारत १२ धावांनी हरला. स्टेडियम सुन्न. आणि मग ते सुन्न स्टेडियम उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. वसीम अक्रमने आपल्या संघाला घेऊन मैदानाला फेरी मारली. त्या लोकांनी पक्ष घेतला नव्हता का? चार दिवस घसा फोडून घेतलाच होता. त्यांचे डोळे ओले होते ते भारतासाठीच. पण पक्ष घेणे आणि दाद देणे ही दोन निराळी खाती आहेत हे त्यांना ठाऊक होते. माया ज्याच्यावर करायची त्याच्यावर करावी. येणे ज्याचे त्याला द्यावे. वकील म्हणाला, “हे कोर्टात टिकेल.”

पण त्यावर लगेच मास्तरांनी कोलकात्याचे नाव घेतले, आणि ते घ्यायलाच हवे होते. चेपॉकनंतर महिना झाला नव्हता. फेब्रुवारीत ईडन गार्डन्सवर पहिल्या डावात शोएब अख्तरने द्रविड आणि सचिन यांचे त्रिफळे लागोपाठच्या दोन चेंडूंवर उडवले होते. दुसऱ्या डावात धाव घेताना सचिनची शोएबशी टक्कर झाली आणि तो धावबाद ठरला. लोक भडकले. अखेर पोलिसांनी प्रेक्षकांना बाहेर काढले आणि ती कसोटी रिकाम्या स्टेडियममध्ये संपली. एकाच देशातले, एकाच हिवाळ्यातले हे दोन प्रेक्षक. चेन्नईची माणसे जात्याच भली आणि कोलकात्याची वाईट असे काही नाही. कोलकात्याने मुश्ताक अलीवर केलेले प्रेम जुन्या माणसांना विचारावे. गर्दीला चांगले वागता येते आणि वाईटही, एवढेच त्यावरून कळते.

मुश्ताक अलींचे नाव निघाले की पंचरंगी सामने येतातच. आमच्या वडिलांच्या पिढीने ते मुंबईला जाऊन किंवा रेडिओवर अनुभवले. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘बाकीचे’, असे धर्मावर पाडलेले संघ. गांधीजींना ते मान्य नव्हते, १९४० मध्ये त्यांनी तसे बोलून दाखवले. १९४६ नंतर ती स्पर्धा उरली नाही, आणि तेच बरे झाले. पण १९४३ च्या अंतिम सामन्यात आपल्या सांगलीचे विजय हजारे ‘बाकीच्यां’कडून खेळले, संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ केल्या आणि तरी डावाने हरले. पुढच्या हंगामात मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवले, तेव्हा के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद उभे होते. आमच्या मास्तरांचे वडील हजारेंचे नाव अदबीने घेत. हजारे ख्रिस्ती, त्यांचे कप्तान कोण, संघ कोणाचा, हे त्यांच्या बोलण्यात कधी येत नसे. ‘एकटा लढला,’ एवढेच म्हणत.

आता ती दुसरी बाजू: जेव्हा खेळाडूच आपल्यातला असतो आणि दाद द्यायची की नाही हे लोक त्याच्या नावावरून ठरवतात.

अब्बास अली बेग हैदराबादचा. १९५९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्याला भारतीय संघाने बोलावून घेतले आणि ओल्ड ट्रॅफर्डला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकले. १९६० च्या जानेवारीत मुंबईत ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत अर्धशतके केली, तेव्हा एक तरुणी मैदानात धावत आली आणि तिने त्याच्या गालाचे चुंबन घेतले. देशभर त्याची चर्चा झाली. वर्ष उलटायच्या आत पाकिस्तानचा संघ आला. बेगची बॅट चालली नाही. फलंदाजाची बॅट कधी चालते, कधी नाही. पण याला पत्रे आली, की तू मुसलमान आहेस म्हणून मुद्दाम बाद झालास. त्याला संघाबाहेर बसावे लागले. पुन्हा कसोटी खेळायला मिळाली ती सहा वर्षांनी, आणि तीही दोनच. तोच माणूस, तेच प्रेक्षक. ज्या गालाची चर्चा झाली त्याच गालावर ही थप्पड. ती मालिका पाचही कसोट्या अनिर्णित राहून संपली होती. भारत हरलासुद्धा नव्हता.

आम्ही तरुणपणी ही गोष्ट ऐकायचो तेव्हा वाटायचे, जुना काळ, फाळणीची जखम ताजी होती. मग २४ ऑक्टोबर २०२१ आला. दुबईत भारत दहा गडी राखून हरला आणि रात्रीतून मोहम्मद शमीवर मोबाइलवरून तीच पत्रे सुटली. पोस्टमनची तेवढी गरज उरली नव्हती. हरले अकरा जण, जबाब एकाकडे. फरक पडला तो पुढे. विराट कोहलीने सहा दिवसांनी पत्रकारांसमोर, कोणाच्या धर्मावरून हल्ला करणे यासारखी हीन गोष्ट नाही असे स्पष्ट सांगितले. बेगच्या वेळी असे कोणी बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कप्तानाने दिलेली ही दाद कचेरीतली होती, मैदानातली नव्हे. मैदानातली १५ नोव्हेंबर २०२३ ला मिळाली: वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात शमीने ५७ धावांत ७ बळी घेतले आणि सगळे स्टेडियम त्याच्या नावाने गरजले. आमचा जॉबर त्या रात्री खूश होता, पण त्याने एक प्रश्न टाकला ज्याचे उत्तर आम्हाला देता आले नाही: “सात बळी घेतले नसते तर?” दाद ही कामगिरीची असते हे खरे. पण देशाशी इमान राखल्याची दाद मिळवायला कोणाला सात बळी घ्यावे लागू नयेत.

इथपर्यंत बोलणे सोपे आहे. तक्रार आपली असते तेव्हा न्यायाची भाषा जिभेवर सहज येते. आमच्या बैठकीत खरी वादावादी होते ती अझरुद्दीनवर.

१९८४-८५ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतके. असे आधी कोणी केले नव्हते. ती मनगटे! ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू मिडविकेटला जाताना पाहिला की आमच्या मास्तरांना उर्दूच्या सुलेखनाची आठवण येते. मोहल्ल्यातली सगळी पोरे कॉलर वर करून फिरू लागली होती. आणि मग २००० साल. सामनानिश्चितीच्या प्रकरणात डिसेंबरमध्ये मंडळाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. त्या वेळी आपल्यातल्या पुष्कळांनी चटकन ठरवून टाकले, की आपला म्हणून त्याला अडकवले. पण त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा कप्तान हॅन्सी क्रोनिए पैसे घेतल्याची कबुली देऊन बसला होता आणि आपल्याकडे शिक्षा झाली त्यांत अजय शर्मा, मनोज प्रभाकर, अजय जडेजाही होते. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अझरवरची बंदी बेकायदा ठरवली. वकील म्हणतो, कोर्टातली दाद लागली, विषय संपला. कंडक्टर म्हणतो, कोर्टाने बंदीचा निकाल दिला. माझ्या मनातला खटला कोण चालवणार? तिकिटाचे चार आणे कमी भरले तर ज्याची नोकरी जाऊ शकत होती, त्या माणसाला हा प्रश्न टोचतो. त्या दोघांत आजवर समेट झालेला नाही आणि आम्हीही तो घडवू शकत नाही. एवढे मात्र खरे, की अब्बास अली बेगला त्याच्या नावामुळे दोषी धरणे चूक असेल, तर कोणालाही त्याच्या नावामुळे निर्दोष धरणे हीही तीच चूक आहे. आणि या सगळ्यातून कोलकात्याच्या त्या पहिल्या ११० धावा वजा होतात का? मास्तर म्हणतात, होत नाहीत. सुलेखन सुंदरच होते.

मुहम्मद अलीचे तसेच. १९६७ मध्ये व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार देऊन त्याने विजेतेपद घालवले, ऐन उमेदीची साडेतीन वर्षे घालवली. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. मोहल्ल्यात त्याचे चित्र नसलेले सलून नव्हते. पण बंदीच्या काळात ज्या जो फ्रेझरने त्याच्या बाजूने शब्द टाकला, मदत केली, त्यालाच अलीने पुढे जाहीरपणे गोरिला म्हणून चिडवले. फ्रेझरला ते आयुष्यभर लागून राहिले. भिंतीवर चित्र लावताना हे सांगायचे राहून जाते. त्याने अली लहान होत नाही. फ्रेझरचे येणे मात्र कागदावर येते.

आणि सानिया. २००५ मध्ये अठरा वर्षांची ही पोर जागतिक टेनिसमध्ये वर चढत होती तेव्हा आपल्यातल्या काहींना तिच्या स्कर्टची लांबी मोजायची होती. पुढे २०१४ मध्ये तेलंगणाने तिला आपली राजदूत नेमले तेव्हा एका पुढाऱ्याने तिला पाकिस्तानची सून म्हणून नाके मुरडली. घरच्यांनी कपड्यांवरून अडवली, बाहेरच्यांनी सासरवरून. मार्टिना हिंगिसबरोबर २०१५ मध्ये तिने विंबल्डनचे दुहेरी जिंकले तेव्हा दोन्हीकडचे लोक टाळ्या वाजवायला आले. आमच्या घरातल्या बायकांनी तिला अठराव्या वर्षीच दाद दिली होती. फक्त कोणी त्यांना विचारले नव्हते.

नुसत्या टाळीने दाद पुरी होत नाही हे शिकायचे असेल तर खाशाबा जाधवांकडे जावे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाला तेव्हा पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले असे सांगतात. त्याने स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, कांस्य. परत आला तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर त्याने कुस्त्या भरवून त्या मिळकतीतून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. सरकारी अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मध्ये अपघातात मृत्यू झाल्यानंतर दीड दशक उलटून गेल्यावर. खर्डेकरांची दाद आणि सरकारची दाद शेजारी ठेवून पाहिली, की शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात. एक जण येणे वेळेवर देतो, दुसरा वारसांच्या हाती.

खाशाबांनंतर वैयक्तिक सुवर्णाची वाट पाहायला आपल्याला २००८ पर्यंत थांबावे लागले, आणि मैदानी खेळांतले सुवर्ण २०२१ मध्ये टोकियोला नीरज चोप्राने आणले. म्हणून ८ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री आम्ही सगळे आपापल्या घरी जागे होतो. पॅरिसमध्ये अर्शद नदीमने दुसऱ्या प्रयत्नात भाला फेकला. तो पडला ९२.९७ मीटरवर. ऑलिंपिकमध्ये इतक्या लांब कधी कोणी फेकला नव्हता. थोड्याच वेळात नीरजने ८९.४५ फेकला, त्याच्या सहा फेकींतली तेवढी एकच बिनचूक. फोन वाजला. पद्मशाली मित्र होता. “बघितलास?” “बघितला.” “काय फेकला रे!” या वेळी आम्हीही तेच म्हणालो, मोठ्याने, गॅलरीत उभे राहून. सकाळी वाचले, की नीरजची आई म्हणाली होती, सुवर्ण ज्याला मिळाले तोही आमचाच मुलगा. पलीकडून अर्शदच्या आईनेही नीरजबद्दल तसेच काहीसे सांगितले. सगळ्या देशाने त्या दोन बायांचे कौतुक केले.

पुढच्या एप्रिलमध्ये बंगळुरूला होणाऱ्या आपल्या नावाच्या स्पर्धेसाठी नीरजने जगातल्या भालाफेकपटूंना निमंत्रणे धाडली. त्यांत अर्शदचेही होते. दुसऱ्या दिवशी, २२ एप्रिल २०२५ ला, पहलगाममध्ये २६ निरपराध माणसे मारली गेली. देश संतापला, आणि त्या संतापाला कारण होते. पण त्यातला एक लोट नीरजच्या घराकडे वळला. निमंत्रण आधीच गेले होते, अर्शद येणारही नव्हता, हे कोण ऐकतो? आईच्या ज्या वाक्याची वर्षभरापूर्वी वाहवा झाली होती, त्याच वाक्यावरून तिला शिव्या पडल्या. तीन दिवसांनी नीरजने जाहीर निवेदन काढले. हे एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूला दिलेले निमंत्रण होते, माझ्या देशप्रेमावर आणि माझ्या घरच्यांच्या सचोटीवर शंका घेतली जाते याचे दुःख होते, अशा आशयाचे.

संध्याकाळी बैठकीत पद्मशाली मित्राने ते निवेदन मोबाइलवर दोनदा वाचले. मग चष्मा काढला आणि आमच्याकडे पाहत म्हणाला, “याला पण खुलासा द्यावा लागला बे?”

जॉबरने चहा सांगितला.